आमच्या घरचं कर्ज

वकिलांनी तो शब्द उच्चारला तेव्हा शालूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. वडगावच्या कोर्टासमोर लिंबाखाली एक न्हावी कुणाचं तरी डोकं भादरत होता आणि तो माणूस डोळे मिटून, मान खाली घालून, सगळा भार त्या न्हाव्याच्या हातावर टाकून बसला होता. थंडीचे दिवस होते, ऊन नुकतं अंगाला लागायला लागलं होतं, आणि शालूबाईंना वाटत होतं, आपणही असंच कुणाच्या तरी हातावर डोकं टेकून घटकाभर बसावं. फिर्याद त्यांना वाचून दाखवायची म्हणून वकिलांनी बोलावलं होतं; पण फिर्याद मुलाची, घर मुलाचं, सही मुलाची, आपण नुसतं हो म्हणायचं, अशा समजुतीनं त्या अर्ध्या कानानं ऐकत होत्या. "सदरहू कर्ज," वकील एका सुरात वाचत होते, "वादीच्या मयत वडिलांनी कुटुंबाच्या गरजेसाठी काढलेले नसून अव्यवहारिक कारणासाठी काढले. मौजे वळवण येथील एका बाईच्या नादी लागून त्यांनी ती रक्कम उधळली." खाली न्हाव्यानं त्या माणसाचं डोकं दुसऱ्या बाजूला वळवलं. शालूबाईंनी मान फिरवली. खोलीत वकील होते, त्यांचा मुलगा गोपाळकृष्ण होता, आणि वकिलांचा कारकून दौतीत टाक बुडवत होता. तिघांपैकी कुणीच त्यांच्याकडे बघत नव्हतं, आणि त्यावरूनच त्यांना कळलं की 'बाई' हा शब्द आज नव्यानं आलेला नाही; तो या खोलीत बरेच दिवस राहिलेला आहे, फक्त त्यांना आज दाखवला जातो आहे.

"पैसे पुलासाठी काढले होते," त्या म्हणाल्या. "शिरगावच्या वाटेवरच्या ओढ्याचा पूल. मी तेव्हा घरात होते. मला माहीत आहे."

वकिलांनी कागद खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चष्मा काढला आणि शाळेतल्या मुलीला हिशेब समजवावा तसं हळू हळू सांगितलं. बापाचं कर्ज मुलानं फेडायचं, हा आपला धर्म, आणि कोर्टही तेच धरतं. बँकेनं शालूबाईंच्या यजमानांवर, माधवरावांवर, हुकूमनामा मिळवला, घर लिलावात विकलं, मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं ते घेतलं; फक्त कब्जा द्यायचा राहिला आहे. हे सगळं कायद्यानं बरोबर आहे. त्यातून सुटायला एकच दार आहे. बापानं ते पैसे बाटलीत, जुगारात किंवा बाईवर घालवले असतील, तर ते कर्ज मुलावर बसत नाही. "तुम्ही मला पुलाचं सांगितलंत, ठीक. कोर्टात सांगू नका. तो धंदा झाला. धंद्याचं कर्ज म्हणजे घर गेलं. बँकेचा तेव्हाचा एजंट वारला. गहाणखतात नुसतं 'खाजगी जरुरीसाठी' असं आहे. पैसे कुठे गेले ते ठामपणे सांगू शकेल असं आता एकच माणूस आहे, बाई, आणि ते तुम्ही आहात."

परतीच्या गाडीत गोपाळकृष्ण समोर बसला होता. लोणावळ्याच्या लोको शेडमध्ये तो कारकून होता, रेल्वेचा पास होता, आणि गाडीत बसला की त्याच्या चेहऱ्यावर एक घरच्यासारखा सैलपणा यायचा; आज तो आला नव्हता. बायकोला बाळंतपणासाठी माहेरी, तळेगावला पाठवून त्याला महिना झाला होता. या इंजिनांना आता धूर नव्हता. तीन-चार वर्षांपूर्वी विजेची इंजिनं आली आणि लोणावळ्याची काजळी गेली. सकाळी वाळत घातलेलं धुणं संध्याकाळी पांढरंच निघायला लागलं, याचं शालूबाईंना सुरुवातीला केवढं नवल वाटलं होतं. माधवरावांना मात्र ते आवडलं नव्हतं. "आवाजच नाही," ते म्हणायचे, "ओझं ओढणाऱ्यानं धापा टाकल्या पाहिजेत." ते दगडाचे ठेकेदार होते. वळवणच्या धरणाला त्यांनी दगड पुरवला, तळेगावची वडिलार्जित जमीन विकून लोणावळ्याला काळ्या दगडाचं घर बांधलं, त्याच्या पुढच्या दोन खोल्या उन्हाळ्यात हवा खायला येणाऱ्या मुंबईकरांना द्यायचे. घराचे कोपऱ्याचे दगड त्यांनी स्वतः निवडले होते. एकेका दगडावर बोटाची पेरं आपटून ते कान लावायचे, आणि शालूबाई पदर खोचून बाजूला उभ्या राहायच्या, त्या दगडात काय ऐकू येतं ते विचारावंसं वाटायचं आणि विचारायच्या नाहीत. न विचारणं ही तेव्हापासूनचीच सवय. पुढे तिचा उपयोग झाला. कारण ते धरणाचं काम संपल्यावरही वळवणला जात राहिले, आणि परत येत तेव्हा त्यांच्या कोटाला गोठ्याचा, शेणीच्या धुराचा, धारोष्ण दुधाचा वास असायचा, आणि या माणसाला तर दूध पचत नव्हतं. पहिल्याच वर्षी शालूबाईंना कळलं. कुणी सांगितलं नाही. त्यांनी कोट उन्हात टाकला, ताट वाढलं, आणि ठरवलं की ही गोष्ट या घरात कुणाच्या तोंडून येणार नाही, आपल्या तर नाहीच. चौदा वर्षं त्यांनी ते पाळलं. शेजारणींच्या हळदीकुंकवाला त्या मान ताठ ठेवून गेल्या. लोक व्रतवैकल्यं करतात, तसं हे त्यांचं होतं. त्याचं उद्यापन नव्हतं एवढंच.

"आई," गोपाळकृष्ण म्हणाला. गाडी कामशेत सोडून निघाली होती. "तुला काय वाटत असेल ते कळतं मला."

"काय कळतं?"

"कोर्टात ते नाव घ्यायचं म्हणजे. पण आता त्यात लपवण्यासारखं काय उरलंय? सगळ्या लोणावळ्याला ठाऊक आहे. मला मी मराठी शाळेत होतो तेव्हापासून ठाऊक आहे."

खिडकीच्या गजाला शालूबाईंनी हात लावला, तो गार होता. म्हणजे चौदा वर्षं आपण एका बंद खोलीला कुलूप लावून बसलो आणि तिला मागची भिंतच नव्हती. हळदीकुंकवाच्या बायका, भाजीवाली, पोस्टमन, आणि हा, पाटी-दप्तर घेऊन दारातून आत येणारा, ज्याच्यासमोर आपण हसत होतो. सगळ्यांनी आपली मान ताठ बघितली, आणि ती कशासाठी ताठ आहे हेही बघितलं. त्यांना आधी शरम वाटली. मग, कार्ल्याचे डोंगर आले तेव्हा, वाटलं की बघितलं तर बघितलं. मान तर ताठ होती ना?

पुलाचं मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. ते फक्त त्यांचं होतं. दुपारची वेळ होती, त्या ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या, आणि माधवराव आले ते पायरीवर एक पाय ठेवून तसेच थांबले. "भेग गेली," ते म्हणाले. कशाला, विचारल्यावर म्हणाले, "पुलाला. मधल्या खांबाला. माझं बोट आत गेलं," आणि त्यांनी बोट दाखवलं, जणू त्या बोटालाच काही झालं होतं. पूल होऊन दोन वर्षं झाली होती. इंजिनिअरनं पसंतीची सही केलेली, बिल चुकतं झालेलं, वरून गाड्या जात होत्या, आणि ती भेग पाण्याच्या बाजूला, खाली वाकल्याशिवाय कुणाला दिसणार नाही अशी. शालूबाईंनी विचारलं, "कुणी काही म्हटलं का?" "कुणी नाही. कुणाला माहीतच नाही." ते पायरीवरच उभे होते. त्यांच्या तोंडाकडे न बघताच शालूबाईंना कळलं होतं की हा माणूस कुणाची तरी परवानगी मागतो आहे, आणि ती देणारं या जगात आपल्याशिवाय दुसरं कुणी नाही, वळवणलाही नाही. सुपातला एक खडा उचलून त्यांनी अंगणात टाकला आणि म्हटलं, "मग पाडा की." इतक्या सहज म्हटलं, की नंतर कितीतरी दिवस त्यांना स्वतःच्या त्या आवाजाचं नवल वाटत राहिलं. ते पुण्याला गेले, घर गहाण टाकलं, आणि उभा असलेला पूल मजूर लावून उतरवला. लोक बघायला आले, हसले. ठेकेदाराला वेड लागलं म्हणाले. नवा पूल झाला त्या दिवशी माधवराव घरी आले, पाय धुतले, दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या आणि ओसरीवर झोपले. असे झोपले की त्यांच्याकडे बघत शालूबाई दिवेलागणीपर्यंत बसून राहिल्या. पुढे मंदी आली. ठेके बंद झाले, मुंबईकर येईनासे झाले, छातीचं दुखणं लागलं, आणि ते गेले. पण ती झोप त्यांनी पाहिली होती. ती कुठल्याही कागदात नव्हती.

चार दिवसांनी, गोपाळकृष्ण कामावर गेल्यावर, मागच्या दाराशी एक बाई येऊन उभी राहिली. उंच, सावळी, लुगडं घोट्याच्या वर, डोक्यावर पदर. वय पंचेचाळिशीच्या घरात. दूधवाली असेल असं समजून शालूबाई "आज नको" म्हणायला गेल्या, आणि तिच्या अंगाचा तो वास आला. गोठ्याचा, शेणीच्या धुराचा. शालूबाईंनी दाराची चौकट धरली.

"म्या मुक्ता," ती म्हणाली. "वळवनची. आत येत न्हाई. हितंच बोलते."

ती खाली पायरीवर बसली. शालूबाई उभ्याच राहिल्या. परसात करवंदीच्या जाळीवर वाळत घातलेलं पातळ वाऱ्यानं हलत होतं आणि त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, कारण दुसरीकडे कुठे बघावं कळत नव्हतं.

"तुमचं लेकरू आलतं माज्याकडं," मुक्ताबाई म्हणाली. "वकिलाला घिऊन. म्हनले, कोर्टात यून सांगायचं, मालकांनी बँकंचा पैका मला दिला, घर बांदून दिलं, म्हशी घिऊन दिल्या. म्या म्हनलं, इचार करून सांगते. म्हून तुमाला इचाराया आले."

मालक. शालूबाईंच्या कानाला तो शब्द टोचला. दगड फोडणारे सगळेच त्यांना मालक म्हणायचे. आणि मावळातल्या बायका नवऱ्यालाही मालकच म्हणतात. ही कुठल्या अर्थानं म्हणते ते तिच्या आवाजावरून कळत नव्हतं, आणि विचारणार तरी कसं.

"दिला का?" त्यांनी विचारलं.

"एक कौलसुदा न्हाई." मुक्ताबाईनं मान वर केली. "घर माज्या बापाचं. म्हशी माज्या. त्यांनी द्यायला काडलं व्हतं, म्या घेतलं न्हाई. पर सांगीन. तुमी म्हनला तर तुळशीवर हात ठिवून सांगीन."

"खोटं?"

"लय खोटं न्हाई, बाई." पायाच्या अंगठ्यानं तिनं माती उकरली. "त्या पुलाचं तुमाला ठावं हाय का? मधला खांब उटत व्हता तवा मालक आट दिस माज्या घरात पडून व्हते. हिवतापानं. घराकडं धाडते म्हनलं तर म्हनले, तिला कळवू नगं, घाबरंल. हिकडं मुकादमानं कच्चा चुना वापरला. मालक हुबे असते तर तसं व्हऊ दिलं असतं का? म्हून म्हनते, त्या पुलाचं करज माजंच हाय. माज्याच नावावर जाऊ द्या. तुमचं घर तरी ऱ्हाईल."

ते आठ दिवस शालूबाईंना आठवत होते. "कामावर मुक्काम आहे" असा निरोप आला होता आणि त्यांनी डब्यात चकल्या भरून पाठवल्या होत्या. म्हणजे त्या चकल्या वळवणला गेल्या होत्या, तापल्या तोंडानं त्यांनी त्या खाल्ल्या असतील किंवा खाल्ल्या नसतील, आणि थंड पाण्याच्या पट्ट्या या हातांनी ठेवल्या होत्या, हे जे हात आता गुडघ्यांभोवती बांधलेले होते, बोटांची पेरं सुजलेली, नखांत शेण. चौदा वर्षांत जे झालं नव्हतं ते आता झालं. त्यांना हेवा वाटला. बाईचा नाही, त्या तापाचा. घाबरेल म्हणे! आपण कधी घाबरलो होतो? आणि ही इथे पायरीवर बसून आपल्याला काय देते आहे? घर. आपण त्या घराच्या आत उभ्या, आणि ती बाहेर बसून आपल्याला ते घर देते आहे, आणि बदल्यात तो पूल मागते आहे, ती भेग, ते पायरीवरचं उभं राहणं, "मग पाडा की", आणि ती झोप.

"तुझं नाव कोर्टात लिहितील," त्या म्हणाल्या. "काय म्हणून लिहितील ते ठाऊक आहे?"

"ठावं हाय. माजं नाव म्या कुनाला इकलं न्हाई कंदी. म्हून तर मला ते देता येतंय."

शालूबाईंनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. नाकात मोरणी नव्हती, गळ्यात नुसती काळी पोत होती. सुंदर नव्हती. एवढं मोठं काही तरी देताना माणसाच्या चेहऱ्यावर एक लाचारी किंवा एक मिजास येते. यातलं काहीच तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. हेच शालूबाईंना सोसेना.

"ते कर्ज आमच्या घरचं आहे," त्या म्हणाल्या. "तुझं नाही. तू त्यात पडू नकोस."

मुक्ताबाई उठली. लुगडं झटकलं. "साक्षीचा कागद आलाय मला," ती म्हणाली. "यावं तर लागंल. बोलायचं काय ते तुमी ठरवा." आणि परसाच्या फाटकातून ती निघून गेली. जाताना फाटकाची कडी तिनं नीट लावली. ती कडी नवख्याला लागत नसे, जरा वर उचलून आत सारावी लागे. तिला ती कशी लागली याचा विचार शालूबाई करत राहिल्या, आणि मग त्यांनी तो विचार सोडून दिला, कारण त्याला अंत नव्हता.

त्या दिवसांत त्यांनी स्वतःला पुष्कळ विचारलं. आपण खरं सांगायला निघालो आहोत, की त्या बाईला काही मिळू नये म्हणून निघालो आहोत? मुलगा रोज येत होता, जेवत होता, घराच्या कौलांकडे, दारांकडे बघत होता. त्याचं मूल या घरात रांगावं असं त्याला वाटत होतं. त्यात काय चूक होतं? बापाच्या नावाचं त्याला काही वाटत नव्हतं असंही नाही. त्याला वाटत होतं की ते नाव आधीच गेलेलं आहे, आणि गेलेल्या वस्तूच्या बदल्यात घर मिळत असेल तर घ्यावं. शालूबाई भाकरी थापता थापता मध्येच थांबायच्या. सत्य वगैरे मोठे शब्द त्यांना सुचत नव्हते. त्यांना फक्त तो माणूस पायरीवर बोट वर धरून उभा असलेला दिसत होता. त्याला भरल्या कोर्टात उधळ्या म्हणायचं, आणि मग त्याच पायरीवरून रोज घरात यायचं.

साक्षीच्या दिवशी वडगावला खूप धुकं होतं. कोर्टाच्या व्हरांड्यात कांबळी पांघरून माणसं बसली होती आणि त्यांत खांबाला टेकून मुक्ताबाई बसली होती. पुकारा झाला. शालूबाई आत गेल्या. पिंजऱ्याचं लाकूड माणसांच्या हातांनी गुळगुळीत झालं होतं. त्यावर त्यांनी हात ठेवला नाही. शपथ झाली. सब-जज्ज तरुण होते, सर्दीनं बेजार होते, आणि प्रत्येक उत्तर स्वतः लिहून घेत होते. वकिलांनी लग्न केव्हा झालं, घर केव्हा बांधलं, असे सोपे प्रश्न आधी विचारले, आणि मग आवाज जरा खाली आणला.

"वळवणच्या मुक्ताबाई नावाच्या बाईशी तुमच्या यजमानांचे संबंध होते काय?"

"होते."

मागच्या बाकावर कुणी तरी हललं. ज्या शब्दाला चौदा वर्षं घरात घेतलं नाही तो असा एका श्वासात बाहेर पडला, आणि काहीच झालं नाही. जज्जांचा टाक कागदावर कुरकुरत राहिला. उलट शालूबाईंना हलकं वाटलं, जणू कुणी डोक्यावरची घागर उतरवून घेतली.

"किती वर्षं?"

"चौदा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून."

"आणि बँकेकडून घर गहाण टाकून काढलेले पैसे त्यांनी त्याच बाईवर घालवले, बरोबर?"

"नाही."

वकिलांना वाटलं, बाईंना ऐकू आलं नाही. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला, जरा मोठ्यानं. शालूबाईंनी जज्जांकडे बघितलं. "एक पैसाही तिच्याकडे गेला नाही," त्या म्हणाल्या. "पैसे पुलाला गेले. शिरगावच्या वाटेवरचा पूल त्यांनी बांधला होता. त्याला भेग पडली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. त्यांनी तो पाडला आणि आपल्या खर्चानं पुन्हा बांधला. पाडा, असं मी म्हटलं होतं."

वकील खाली बसले. पुन्हा उठले, काही म्हणाले. साक्षीदार उलटला असं काही तरी होतं ते. जज्जांनी त्यांना हातानं थांबवलं, नाक पुसलं आणि स्वतः विचारलं, "याचा काही कागद आहे तुमच्याकडे? पावती? करार?"

"कागद नाही. पूल आहे."

"बाई, हे सांगितल्यानं तुमच्या मुलाचा दावा जाईल. घर जाईल. कळतंय तुम्हाला?"

"कळतंय."

"मग?"

समोर बँकेचे वकील होते, त्यांनी प्रश्नांचा लिहून आणलेला कागद उलटा करून ठेवला होता. गोपाळकृष्ण होता, तो आईकडे बघत नव्हता, आपल्या टोपीकडे बघत होता. "ते बाहेर जात होते, ही माझी गोष्ट आहे," शालूबाई म्हणाल्या. "ती मी सांगितली. पण घर त्यांनी कामापायी घालवलं. ते कर्ज आमच्या घरचं आहे. त्याला दुसरं काही म्हणायला मी इथे आलेली नाही."

बँकेचे वकील अर्धवट उठून म्हणाले की त्यांना काही विचारायचं नाही.

व्हरांड्यात मुक्ताबाई उभी राहिली होती. "आता माजा पुकारा व्हईल?" तिनं विचारलं.

"नाही होणार. तुम्ही जा आता."

"म्हंजे सांगितलंत. समदं?"

तो आठ दिवसांचा ताप, तो कच्चा चुना. ते शालूबाईंनी सांगितलं नव्हतं, विचारलं असतं तरी सांगितलं नसतं. ते सांगितलं असतं तर कदाचित वकिलांना त्यातूनही काही काढता आलं असतं. "माझ्या घरचं तेवढं सांगितलं," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरचं सांगायला मी कोण?"

मुक्ताबाईनं पदर पुढे ओढला. ती रडली की हसली ते शालूबाईंना दिसलं नाही. ती पायऱ्या उतरली आणि धुक्यातून स्टेशनकडे न जाता सडकेनं चालू लागली.

दावा महिन्याभरात निकालात निघाला. घर गेलं. वकिलांनी पुण्याला अपील करता येईल असं पत्र धाडलं. गोपाळकृष्णानं ते वाचलं आणि घडी करून खिशात घातलं. तो आता कशाबद्दलच बोलत नव्हता. ताट वाढलं की जेवायचा, आंघोळीचं पाणी काढलं की आंघोळ करायचा. शालूबाईंनी त्याला समजवायचा प्रयत्न केला नाही. रागावण्याचा त्याला हक्क होता, आणि तो राग त्यानं आपल्याकडे नीट, न सांडता सांभाळला होता, याचं त्यांना आतून बरंही वाटत होतं. रात्री-अपरात्री दार आपटणारा तो मुलगा नव्हता. रेल्वेनं त्याला दोन खोल्यांचं क्वार्टर दिलं. बायकोला मुलगी झाली.

फाल्गुनात कब्जा द्यायचा दिवस आला. कोर्टाचा बेलिफ आला, त्याच्याबरोबर घर घेणारा व्यापारी स्वतः आला होता. पन्नाशीचा, पांढऱ्या टोपीचा, शांत माणूस. सामान आधीच एका बैलगाडीवर चढवलं होतं. बेलिफ खोल्या बघत होता, दारांना हात लावत होता, कागदावर लिहीत होता. व्यापारी मात्र अंगणातच उभा राहिला. घराच्या कोपऱ्याच्या दगडांकडे त्यानं बराच वेळ बघितलं. मग तो पुढे आला आणि शालूबाईंना हात जोडून म्हणाला, "माई, कोर्टात काय झालं ते मला सगळं समजलं. मला घाई नाही. मागच्या दोन खोल्या आहेत, तिथे तुम्ही राहा. वर्ष राहा, दोन वर्षं राहा. भाडं नको मला. तुमच्यासारखी माणसं घरात असली तर..."

त्याचा आवाज खरा होता. शालूबाईंच्या मनात एकदम सगळं आलं: मागची खोली, परसातली जाळी, सकाळचं तिथलं ऊन, या वयात नव्या चुलीशी मांडायचा संसार. नको म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच त्यांना वाटलं की आपल्या तोंडून तो शब्द येणार नाही.

"नको," गोपाळकृष्ण म्हणाला.

तो गाडीजवळ दोरी आवळत होता. दोरी तशीच धरून तो वळला. महिन्याभरात त्याचा इतका मोठा आवाज घरानं ऐकला नव्हता. "आपले उपकार आहेत. पण घर तुम्ही लिलावात रीतसर घेतलंय, आणि कर्ज आमचं होतं. आमच्या घरचं. त्याबद्दल आता कुणी आम्हाला काही द्यायचं राहिलेलं नाही."

व्यापाऱ्यानं मान डोलावली. बेलिफानं कागद पुढे केला. गोपाळकृष्णानं तो गाडीच्या फळीवर ठेवून सही केली, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, ठळक अक्षरात. शालूबाई त्याच्या हाताकडे बघत होत्या.

"बस गाडीत, आई," तो म्हणाला. "सामानाजवळ जागा केलीय."

"बैलांना चढ आहे पुढे," त्या म्हणाल्या. "मी चालते."

त्यांनी चपला घातल्या आणि त्या फाटकातून बाहेर पडून चालू लागल्या. बाजाराचा रस्ता होता, दुकानं उघडी होती, माणसं दारात येऊन बघत होती, आणि शालूबाई मधोमध चालत होत्या, कुणी नमस्कार केला तर त्याला नमस्कार करत. मागून गाडीची चाकं वाजत होती. थोड्या वेळानं गाडीवाल्याला काही तरी सांगून गोपाळकृष्णही खाली उतरला आणि लांब ढांगा टाकत त्यांच्या बरोबरीला आला.